पन्नास नंबरचं तेल

पन्नास हा आकडा तीसपेक्षा मोठा, म्हणून पन्नास नंबरचं तेल तीस नंबरपेक्षा चांगलं, असं मानून मी ऐन पौषातल्या थंडीत बाबांच्या पिकअपच्या इंजिनात पन्नास नंबरचं तेल ओतलं, आणि त्यापायी आमचं कोराडीचं क्वार्टर हुकलं. हे मीच आधी सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर माहेरचं कोणीतरी सांगेलच, आणि आमच्याकडच्यांना मीठमसाला लावल्याशिवाय काही सांगता येत नाही. लावायचाच तर तो माझा मीच लावीन. तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, तेही गणितात बरे मार्क घेऊन, त्यामुळे जगात आता शिकण्यासारखं फारसं काही उरलं नाही अशा तोऱ्यात वावरत होते. दोन वेण्या पुढे घ्यायच्या, त्यातली एक बोलता बोलता मागे टाकायची, आणि कोणी काही सांगू लागलं की वाक्य संपायच्या आत मान डोलवायची. आज अशी कोणी पोरगी माझ्या समोर आली तर मी तिला पाय दाबायला बसवीन.

आम्ही शहराच्या कडेला, हुडकेश्वरला राहायचो. आता त्या बाजूला उभं राहून इथे वांगी पिकायची असं म्हटलं तर लोक लिफ्टचं बटण दाबता दाबता हसतात. पण पिकायची, आणि सांभारही, म्हणजे कोथिंबीर, इतका यायचा की सकाळी दार उघडलं की आधी त्याचाच वास घरात शिरायचा. बाबांची थोडी वाडी होती आणि एक डिझेलची पिकअप. पहाटे आपला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा भाजीपाला बाजारात पोचवायचा, आणि परतताना इतवारीतल्या व्यापाऱ्यांचा माल, कधी धान्याची पोती, कधी पितळी भांडी, आसपासच्या गावांना टाकत यायचं, असा त्यांचा धंदा. गाडी त्यांनी दुसऱ्याकडून घेतलेली, हिरव्या रंगाची. रंग कुठे उडाला की बाबा घरच्या दाराला लावायचा रंग तिथे लावायचे, म्हणून दार आणि गाडी एकाच आईची लेकरं वाटायची.

आमच्या घरात कोंबडा नव्हता, कारण गाडी होती. हिवाळ्यात ती सुरू झाली की आधी टक टक टक टक असा कोरडा आवाज करायची, मग तो हळूहळू विरायचा आणि नुसती घरघर उरायची. मी लहानपणी बाबांना विचारलं होतं की गाडी सकाळीच का ओरडते, दिवसा का नाही. ते म्हणाले, "रातभर तेल खाली जाऊन बसते वं. सकाळी त्याले पुन्ना वर चढा लागते. ते वर पोचेपर्यंत वरचे पार्ट कोरडेच एकमेकाले मारतात. पातळ तेल असलं तं लवकर चढते, घट्ट असलं तं कन्हत कन्हत चढते." म्हणून दिवाळीनंतर तीस नंबरचं पातळ तेल आणि होळी झाली की उन्हाळ्यासाठी चाळीस, असा त्यांचा नेम होता. थंडी फारच असली तर आई चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन इंजिनाखाली सरकवायची. आणि घरातली सकाळ त्या टकटकीवर चालायची. गाडी सुरू झाली की आई बशीत चहा ओतायची, बाबा तो उभ्याउभ्या प्यायचे, आणि टकटक थांबली की बशी खाली ठेवून निघायचे. तीस नंबरचं तेल वर चढायला आणि बाबांची बशी रिकामी व्हायला सारखाच वेळ लागायचा. आईला तर तेवढ्यात शिदोरीची गाठही मारता यायची. भाकर, लसणाची चटणी आणि थंडीत बहुतेक वांग्याचं भरीत, ज्याच्या वासानं गाडीचं केबिन दुपारपर्यंत जेवत राहायचं.

माझा मुलगा आता पाण्याच्या कॅनची पिकअप चालवतो. तिच्यात दोन नंबरांचं तेल पडतं, थंडीत पातळ वागतं, गरमीत घट्ट राहतं. सकाळी किल्ली फिरवतो आणि गाडी नुसती शिंकल्यासारखं करून निघून जाते. मी उठते तेव्हा तो गेलेला असतो. सोय आहे, मान्य आहे, पण घरातून माणूस गेल्याचं कळायला नको का.

तर कोराडीचं असं झालं. आईचा धाकटा भाऊ, आमचा किसनमामा, कोराडीच्या वीजघरात फिटर होता. तिथे ड्रायव्हरची एक कायमची जागा निघाली आणि मामानं बाबांसाठी शब्द टाकला. नोकरीसोबत क्वार्टर मिळणार होतं. आईला त्या क्वार्टरमधला नळ हवा होता. बाकी काही नाही. आमच्याकडे विहीर होती, खोल, आणि तिचा दोर ओढून ओढून आईच्या तळहातांना घट्टे पडले होते. मामाकडे गेली की ती मोरीत जायची, नळाची तोटी उगाच उघडायची, पाण्याकडे बघायची आणि बंद करायची. मला मात्र सगळंच हवं होतं. मी कोराडीला एकदाच चार दिवस राहून आले होते आणि तिथल्या कॉलनीतल्या मुली संध्याकाळी डांबरी रस्त्यावर उंच टाचांचे सँडल घालून टकटक करत फिरताना पाहिल्या होत्या. तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजघराची राख बसायची, तर मला तीसुद्धा पावडरसारखी वाटली. परत आल्यावर मी वाडीतल्या वांग्यांच्या ओळीतून टाचा उचलून चालायचा सराव करत असे आणि कोणी नसताना "आमच्या क्वार्टरमध्ये ना" अशी वाक्याची सुरुवात करून बघत असे. पुढे काय म्हणायचं ते सुचायचं नाही.

बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते म्हणाले, "नोकरी लागल्यावर गाडी कोन चालवन? उभी ठेवून सडवनार नाई मी. आंधी चांगलं गिऱ्हाईक भेटू दे, मंग जाऊ." मामा मोठा खटपट्या. त्यानं आठवड्याच्या आत गिऱ्हाईक शोधलं, कोराडीकडचा राखेच्या ट्रकांचा ठेकेदार. त्याचा निरोप असा की गाडी सकाळी बघीन, आणि ती रात्रभर थंड राहिलेली पाहिजे. जुनी गाडी घेणारे असेच असतात. गरम इंजिन काय सांगतं त्यावर त्यांचा भरवसा नसतो. "निखारे-बिखारे ठेवू नोका, भाऊजी," मामानं बाबांना बजावलं, "तो मानूस बोनटले हात लावून पाह्यते. जरा कोमट लागलं का उलट्या पायी जाते." नोकरीचं उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं होतं. म्हणजे गाडी त्या सकाळी विकली गेली तर आम्ही कोराडीला, नाही तर हुडकेश्वरला. हे आईला माहीत होतं, मला तर फारच माहीत होतं.

आणि नेमकं त्याच्या आदल्या दिवशी तेल बदलायचं होतं. ते काम माझं. मी अंगानं काडी होते, गाडीखाली सहज सरकायचे, म्हणून बाबांनी मला ते शिकवलं होतं. सकाळी बाबांसोबत मी इतवारीत गेले. ते पोती उतरवत होते, मी डबा घेऊन तेलाच्या दुकानाकडे निघाले. "तीस आनजो," त्यांनी मागून सांगितलं, आणि मी अर्थातच वाक्य संपायच्या आत मान डोलवली. गल्लीत हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर परातींच्या चळती घेतलेले हमाल. दुकानासमोर एक ड्रायव्हर दुकानदाराशी बोलत होता. "इंजिन बुढ्ढं झालं शेट. लय आवाज करून राह्यलं. पन्नास नंबर टाकतो, गरम झालं का मांजरीवानी चूप बसते, मंग देतो कोनाच्या तरी गळ्यात बांधून." त्यातलं "चूप बसते" एवढं मी घेतलं. "गरम झालं का" हे दुकानातच राहिलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भांडी वाजू नयेत म्हणून आई त्यांच्यात फडकं कोंबते, तसंच हे. घट्ट तेल म्हणजे इंजिनातलं फडकं. गाडी गप्प, ठेकेदार खूश, आईला नळ, मला सँडल.

"पन्नास द्या," मी म्हटलं.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "तीस नेतेस ना तू? पन्नास तर उन्हाळ्याचं, तेही मोठ्या गाड्यांचं. बाबांनी सांगितलं का?"

"बाबांनीच सांगितलं. मला काय समजत नाही का, मॅट्रिक झाले मी."

"मग घे बाई," तो म्हणाला. मॅट्रिकपुढे तो बिचारा काय बोलणार.

दुपारी मी गाडीखाली बारदान अंथरून सरकले. जुनं तेल घमेल्यात सोडलं, ते काळं, पातळ, सुर्रकन पडलं. मग वरून नवं ओतलं. काय त्याची धार होती. काकवीसारखी, न तुटता, लांबच लांब, डब्यातून निघालेली ती निवांत वळसे घेत आत जात होती. मी मनात म्हटलं, हे खरं तेल, अंगात ताकद असलेलं, बाबांनी इतकी वर्षं गाडीला नुसतं ताकच पाजलं. संध्याकाळी बाबा गाडी घेऊन कडबा आणायला गेले आणि परत आले तेव्हा मी ओट्यावर कान देऊन बसले होते. गाडी मांजरीसारखी आली. खरंच, एवढी गुळगुळीत ती कधीच चालली नव्हती. बाबा इंजिन बंद न करता थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग उतरले, मला म्हणाले, "गाडी आज लय शहानी झाली वं," आणि बिडी आणतो म्हणून सायकल घेऊन नाक्याकडे गेले. मी वेणी मागे टाकली. आईला म्हटलं, पाणी भरून ठेवू नको फार, आता किती दिवस राहायचंय इथे.

सकाळी दात वाजत होते. आईनं पाहुण्यांसाठी सांभारवड्या केल्या होत्या, सांभार खोबरं खसखस भरून, चौकोनी पुडे बांधून, आणि तळणीचा वास रस्त्यापर्यंत गेला होता. ठेकेदार मामासोबत जीपमधून आला. डोक्याला मफलर, पोट मफलरच्या रंगाच्या स्वेटरमध्ये. कोणाशी न बोलता तो थेट गाडीकडे गेला आणि तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यानं बोनटवर तळहात ठेवला. दवानं हात ओला झाला तेव्हा समाधानानं मान हलवली. "हां, थंड आहे. मारा सेल्फ."

बाबांनी डिझेल पेटायला लागतं ते हीटरचं बटण दाबून धरलं, मग चावी फिरवली. गाडी घूंऽऽ करून थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा घूंऽऽ, जणू कोणी तिला गाढ झोपेतून ओढत होतं आणि ती गोधडी सोडत नव्हती. मग पेटली. आणि मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला आजही कळत नाही. इतवारीतले सगळे तांबट एकच परात ठोकायला बसले असते तर तसा आवाज निघाला असता. टकटक नाही, ठणठण. गोठ्यातली गाय दावं ताणून मागे सरली. शेजारची म्हातारी लुगडं सावरत दारात आली. मी ओट्यावर चहाची बशी धरून उभी, वाट बघतेय की आता तेल चढेल, आता चढेल. बाबांनी माझ्या हातातली बशी घेतली, प्यायली, रिकामी करून परत दिली. आईनं दुसरी ओतली. तीही संपली. ठणठण चालूच. तो दाट, ताकदवान, मॅट्रिक पास तेलाचा गोळा खाली बसून आरामात विचार करत होता की वर जावं की न जावं.

ठेकेदारानं हातानं बंद करायची खूण केली. एकदम इतकी शांतता झाली की कढईतलं तेल चुरचुरताना ऐकू आलं.

"भाऊ," तो म्हणाला, "हिच्या पोटात भांडे भरून ठेवले का?"

मामा घाईघाईनं पुढे झाला. "थंडीचं होते जी असं. जरा गरम होऊ द्या, मंग पाहा."

"गरम झाल्यावर तं माही बायकोबी गोड बोलते. मले थंडीतलं ऐकाचं होतं. ऐकलं."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. तेल. दुकानदाराचा चष्मा. मी पुढे होऊन म्हणाले, "काका, ते तेल ना..."

"शालू," बाबा म्हणाले, "साहेबाच्या ताटलीत चटनी नाई. चटनी आन."

मी चटणी आणली. पुन्हा तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्या हातात पाण्याचा गडवा दिला. "हात धुवायला पानी दे त्याहिले." मी पाणी घातलं. ठेकेदारानं एकूण एक वड्या खाल्ल्या, आईला नमस्कार केला, "वड्या फर्मास होत्या, बाई" म्हणाला आणि जीपमध्ये जाऊन बसला. गाडीबद्दल एक शब्द नाही. जीप नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा मामानं बोनट उघडलं, तेलाची पट्टी बाहेर ओढली आणि बोटानं चाचपली. बोटाला आणि पट्टीला जोडणारी तार बराच वेळ तुटेना.

"हे कोन टाकलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन्नास नंबर आहे," मी म्हटलं, अजून थोडी ऐट शिल्लक होती.

"काहून वं?" आईनं विचारलं.

"तीसपेक्षा जास्त असते म्हणून."

आई ओट्यावर मटकन बसली. मामा म्हणाला, तेल बदलून टाकू, ठेकेदाराला परवा पुन्हा आणतो. पण बाबांनी डोकं हलवलं. "राहू दे गा किसना. एकडाव नाई म्हनून गेलेल्याले परत बोलवाचं नसते. गाडीची बदनामी होते." जणू गाडी म्हणजे लग्नाची पोरगीच. मामा पाय आपटत बसस्टँडकडे गेला. उत्तर द्यायची मुदत टळली आणि ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. आई उठली. कळशी घेऊन विहिरीवर गेली, आणि पोहरा पाण्यावर असा आपटला की घरात आवाज आला. तिचं रागावणं तेवढंच.

आईचा नळ पुढे आला, पण फार पुढे. आधी दारात हातपंप, मग महापालिकेचं पाणी, आणि म्हातारपणी तर घरात जिकडे तिकडे तोट्या. कुठलीही तोटी उघडली की ती मला हाक मारून म्हणायची, "शालू, कोराडीले असतो तं हे कवाच पाह्यलं असतं वं." पण हे म्हणताना ती हसायची, आणि मलाही हसायला यायचं. सँडल मी लग्नानंतर घेतले, सीताबर्डीत, आणि पहिल्याच दिवशी घरच्या ओट्यावरून पडले. गाडी मात्र आमच्याकडेच राहिली, आणि त्या उन्हाळ्यात कापणी झालेल्या वावरात बाबांनी मला ती चालवायला शिकवली. तिच्या इंजिनापासून टायरपर्यंत प्रत्येक कुरकुरीचा मला अर्थ कळायला लागला. कोराडीत असते तर डांबरी रस्त्यावरून चालत असते, एवढंच.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी दुपारी मला वाटत होतं की आयुष्य संपलं. बाबांनी सांगितलं, तेल काढून टाक, म्हणून मी पुन्हा बारदानावर सरकले. नट ढिला केला तरी ते पन्नास नंबर बाहेर यायलाही तयार नव्हतं. मी खाली पडून रडत होते, पाणी कानांत जात होतं, आणि मला बाबांच्या फक्त चपला दिसत होत्या. ते उकिडवे बसले. बिडी पेटल्याचा वास आला. मग त्यांनी सीटच्या मागून काहीतरी काढून माझ्या तोंडाजवळ ठेवलं. तीस नंबरचा डबा, सील न फोडलेला. मी रडायची थांबले. असा डबा घरात नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

"काल सांजेले नाक्यावरून आनला," बाबा हळूच म्हणाले. "गाडी चालवली तेव्हाच समजलं होतं मले, तुनं काय टाकलं ते. म्हनलं, तुम्ही मायलेकी उठाच्या आंधी बदलून टाकू, ठेकेदाराले कानोकान खबर नाई लागाची. उठलोबी. पाना घेतला, गाडीपाशी आलो, आन हातच नाई चालला वं. आता हे तुह्या मायले सांगू नको, ती मले विहिरीत ढकलून देईन. तुले बेअक्कल म्हनलं तं तुह्यं काय जाते, तू तं मॅट्रिक हायेस."